न बोलता दिलेला तिळगूळ

"पांढरी दाखवा. साधीच. काठ अगदी बारीक."

गिऱ्हाईक एवढंच म्हणालं आणि माझ्या शेजारी बसलेल्या कुंदाचा चेहरा खुलला. मी पाठमोरी होते, कपाटातून शालूंचा गठ्ठा ओढत होते, म्हणून तिला अडवता आलं नाही.

"अगबाई, पांढरी होय! नाताळच्या शुभेच्छा हं, दादा!" कुंदा म्हणाली. "नवरी कोण? बहीण का?"

मी गर्रकन वळले. समोर सोपानराव वाबळे. दाढीचे खुंट वाढलेले, टोपी डोळ्यांवर ओढलेली. शेजारी त्यांची बायको, पदराचं टोक तोंडात धरून. मी मनात म्हटलं, मेलो आपण! त्यांचे मेहुणे गेल्याचं मी सकाळीच बाजारात ऐकलं होतं. बिचारा भाऊ बहिणीसाठी दुखवट्याची साडी घ्यायला आला होता, आणि आमची कुंदा त्याला विचारत होती, नवरी कोण!

आता कुंदाचं डोकं असं का चाललं, ते सांगते. मी ख्रिस्ती, नगरची. एस्तेर पाटोळे. आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते, आणि नाताळ झाला की आमची लग्नं निघतात. डिसेंबरात पांढऱ्या साडीला कोण येतं, तर आमचीच माणसं येतात, हे कुंदाला मीच कौतुकानं सांगितलेलं. दोन दिवस आधी तिनं तशीच एक साडी विकलीही होती आणि नवरीच्या आईनं तिच्या गालावरून हात फिरवला होता. पोरगी हरखून गेली होती. पांढरं म्हणजे लग्न, एवढंच तिच्या डोक्यात बसलं. समोरच्या माणसाची वाढलेली दाढी तिला दिसलीच नाही.

सोपानराव उभे राहिले. तांबडेलाल झाले होते.

"आमच्या घरात मयत झालंय, आणि तुम्ही नवरी विचारता? आणि नाताळ कसला? दुकान आहे का चर्च आहे हे?"

काचेच्या केबिनमधून अभयशेठ धावत आले. मोठे शेठ थकल्यापासून कारभार त्यांच्याकडे आला होता. तिशीतला माणूस, हुशार, पण गिऱ्हाईक रागावलं की त्यांचे हातपाय गळायचे. आणि वाबळे म्हणजे साधं गिऱ्हाईक नव्हे. त्यांच्या भावकीतल्या प्रत्येक लग्नाचा बस्ता आमच्याच दुकानात बांधला जायचा.

"कोण म्हणालं हे?" अभयशेठनी विचारलं.

कुंदाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. चारच महिने झाले होते तिला लागून. नवरा बांधकामावरून पडून अंथरुणाला खिळलेला, घरात दोन लहान पोरं. संक्रांतीनंतर कायम करू, असं शेठनी तिला सांगितलेलं. तिचे ओठ हलायला लागले, तशी मी तिच्या पुढे सरकले.

"मी म्हणाले," मी म्हटलं. "चुकले, सोपानदादा. माफ करा." आणि खाली वाकून हात जोडले.

वाबळे नवराबायकोनं मान वर करून कोण बोललं ते बघितलंच नव्हतं, आणि बाकीच्यांना ते खरंच वाटलं. दुकानात ख्रिस्ती मी एकटी, आणि तोंडाळ म्हणून बाजारभर नाव. नाताळ म्हटल्यावर एस्तेरबाईच म्हणणार, दुसरं कोण?

सोपानराव साडी न घेताच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाबत्ती झाली आणि अभयशेठनी सगळ्यांना गादीसमोर उभं केलं.

"आजपासून दुकानात सणाचं नाव काढायचं नाही," ते म्हणाले. "कुठल्याही सणाचं. गिऱ्हाईक आलं की 'आपलं स्वागत आहे'. निघालं की 'आपला दिवस शुभ असो'. पुढं एक अक्षर नाही. जो बोलेल त्यानं दुसरी नोकरी बघावी."

"आणि दिवाळीत, शेठ?" मी विचारलं. गप्प बसले असते तर मी कसली एस्तेर! "उटण्याची पुडी हातात देत बायाबायांना 'शुभ दीपावली' कोण म्हणतं? मीच ना? घसा बसतो माझा. ईदेला दारात 'ईद मुबारक' म्हणायला कोण असतं? तेव्हा कुणाला नियम सुचला नाही. माझा सण आला आणि नियम आला होय?"

"तेव्हा कुणाच्या मयतीत आपण शुभेच्छा दिल्या नव्हत्या, एस्तेरबाई."

"चूक नाताळची नव्हती शेठ, न बघता बोलण्याची होती."

"तेच म्हणतोय मी. कुणाच्या मनात काय आहे, ते कपाळावर लिहिलेलं नसतं. एकाला जे गोड वाटतं तेच दुसऱ्याला बोचतं. त्यापेक्षा सगळ्यांना एकच वाक्य. कुणी जास्त नाही, कुणी कमी नाही."

खोटं कशाला बोलू? त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. शांतपणे ऐकलं असतं तर मी निम्मं मान्यही केलं असतं. पण लगेच ते म्हणाले, "तुम्ही काही दिवस माळ्यावर बसा. घड्या घाला. वाबळ्यांची माणसं दुकानात आली तर तुम्ही समोर नको."

गादीवरून मला उठवलं! अहो, नगरच्या निम्म्या नवरीमुलींचे शालू माझ्या हातांनी निवडलेले. साडी उलगडून पदर हवेत असा फेकायची की गिऱ्हाईक किंमत विचारायचं विसरायचं. बाया दारातून विचारायच्या, एस्तेरबाई आहेत का, नसल्या तर उद्या येतो. ती मी, आता माळ्यावर घड्या घालणार!

माळ्यावर रशीदमामा बसायचे, साड्यांना फॉल लावायला. माझ्या हातात पाण्याची बाटली आणि चपला बघून त्यांनी मशीन थांबवलं.

"या बाई, या. आपलं स्वागत आहे," मामा गंभीरपणे म्हणाले. "आपला दिवस शुभ असो."

"मामा, कात्री फेकून मारीन हं."

"मारा. पण मारताना सणाचं नाव काढू नका. नोकरी जाईल."

हसले मी. पण तोंड फिरवून डोळेही पुसले. मामांनी न बघितल्यासारखं करून मशीन पुन्हा सुरू केलं.

माळ्याला एक जाळी होती, तिथून खालचं दुकान दिसायचं. नाताळच्या खरेदीला आमची माणसं लोटली होती. मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टर, शाळेतल्या बाई, खेड्यांवरून पोराबाळांना घेऊन आलेली कुटुंबं. वर्षाची एकच नवी साडी घेणाऱ्या बाया. कुंदा त्यांना साडी बांधून द्यायची आणि खाली मान घालून म्हणायची, "आपला दिवस शुभ असो." पोलीस शेजारी उभा असल्यासारखा आवाज. बाया तिच्या तोंडाकडे बघायच्या. एक म्हातारी तर थांबलीच.

"अन् नाताळच्या?" तिनं विचारलं.

कुंदानं केबिनकडे बघितलं आणि पुन्हा तेच म्हटलं. म्हातारी पिशवी काखेत मारून उतरली. वर माझी घडी दहा वेळा चुकली.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा फराळाचा डबा आणला. करंज्या, चकल्या, शंकरपाळी. आमच्याकडे नाताळला हेच करतात. दर वर्षी डबा गादीवर उघडायचा आणि सगळे तुटून पडायचे. त्या वर्षी मी तो जिन्याच्या पायरीवर ठेवून वर निघून गेले. एकेक जण गुपचूप येऊन खाऊन गेला. अभयशेठनीही दोन करंज्या खाल्ल्या, मी जाळीतून बघितलं. पण शुभेच्छा एकाच्याही तोंडून निघाली नाही. नोकरी सगळ्यांनाच हवी होती. मी त्यांना दोष देत नाही, पण माझ्या जिवाला लागलं.

दुपारी कुंदा वर आली. डोळे सुजलेले.

"ताई, मी शेठना सांगून टाकते."

"खबरदार!" मी म्हटलं. "घरी आजारी माणूस आहे तुझ्या. पोरांच्या ताटात काय वाढणार आहेस, खरेपणा? मला काय धाड भरलीय? आणि नोकरीचं म्हणशील तर मला चार दुकानं हाका मारतात."

"पण गादी तुमची होती."

"गादी काय माझ्या बापाची होती? जा खाली. तोंड शिवून ठेव."

ती गेली. पण गादीचं दुःख मला होतंच, ते का लपवू? गादीवरून उतरवलेलं माणूस बाजारात लपत नाही. रविवारी उपासना झाली की बाया विचारायच्या, एस्तेर, दिसत नाहीस गं दुकानात, काही झालं का? मी म्हणायची, माळ्यावर नवा माल आलाय. हे खोटं सांगून सांगून मला स्वतःचीच शिसारी आली. शेवटी पलीकडच्या गल्लीतल्या एका दुकानदाराला मी होकार कळवला. संक्रांत झाली की जायचं. हे फक्त रशीदमामांना सांगितलं, आणि कुणाला सांगू नका म्हणून बजावलं.

मामांनी ते त्याच दिवशी कुंदाला सांगितलं. चांगलं केलं, हे आता म्हणते. तेव्हा कळलं असतं तर मशीनसकट खाली ढकलून दिलं असतं.

संक्रांत आली. आमच्या दुकानाची रीत अशी, की संक्रांतीला दारातच ताट घेऊन उभं राहायचं. येणाऱ्या प्रत्येकीच्या हातावर तिळगूळ ठेवायचा आणि म्हणायचं, तिळगूळ घ्या, गोड बोला. दर वर्षी ते ताट माझ्या हातात असायचं. माझा आवाज पार चौकापर्यंत जायचा ना! त्या वर्षी अभयशेठनी ताट कुंदाच्या हातात दिलं.

दुकान गच्च भरलेलं. हळदीकुंकवाच्या वाणासाठी ब्लाउजपीस घ्यायला बायांची झुंबड. मी वर घड्या घालत होते. थोड्या वेळानं मला वाटलं, खाली काहीतरी बिनसलंय. गर्दी आहे, पण ती संक्रांतीची कलकल नाही. मी जाळीशी गेले.

दारात गोदाकाकू उभ्या होत्या. आमचं जुनं गिऱ्हाईक, आणि सगळ्या कापडबाजाराचं वर्तमानपत्र. काकूंचा हात पुढे, कुंदाचा हात तिळगूळ घेऊन त्यावर.

"हे काय गं?" काकू म्हणत होत्या. "तिळगूळ देतेस आणि दिवस शुभ असो म्हणतेस? मला काय एसटीत बसवून द्यायला आलीयेस?"

"आपला दिवस शुभ असो, काकू."

"अगं, गोड बोला म्हण की!"

"आपला दिवस शुभ असो."

काकूंनी हात मागे घेतला. "न बोलता दिलेला तिळगूळ मी नाही घेत बाई. माझ्याशी भांडण असलं तर तसं सांग."

मागे बायांची रांग लागली. एकीनंही हात पुढे केला नाही. एक सासू नव्या सुनेला घेऊन आली होती, तिनं सुनेचा दंड धरून तिला मागे ओढलं. "हिची पहिली संक्रांत आहे. इथं नको, आपण दुसऱ्या दुकानात जाऊ."

अभयशेठ केबिनमधून बाहेर आले ते घाम पुसतच.

"कुंदाबाई, अहो म्हणा ना! विसरलात का काय?"

"विसरले नाही, शेठ," कुंदा म्हणाली. "सणाचं नाव काढायचं नाही म्हणालात. कुठल्याही सणाचं."

"अहो, तिळगुळाचं वेगळं आहे. तिळगूळ काय धर्म आहे का? तो सगळ्यांचाच असतो."

"एस्तेरताईंची करंजीपण सगळ्यांनीच खाल्ली, शेठ. तुम्हीसुद्धा. जिन्यात उभं राहून. खाल्ल्यावर त्यांना कुणी एक शब्द बोललं नाही. आम्ही त्यांना त्यांच्या सणाच्या शुभेच्छा द्यायच्या नाहीत, आणि त्यांनी मात्र वर्षानुवर्षं आमचे सगळे सण दारात उभं राहून ओरडायचे. असा कुठं नियम असतो?"

"कुंदाबाई, गिऱ्हाईक उभं आहे. हे नंतर बोलू."

"नंतर मला धीर व्हायचा नाही." कुंदानं ताट गादीच्या कडेला ठेवलं. "वाबळेदादांना नाताळच्या शुभेच्छा मी म्हणाले होते. नवरी कोण, हे मीच विचारलं होतं. एस्तेरताईंनी नुसतं अंगावर घेतलं. आता काढायचं तर मला काढा, पण त्यांना खाली आणा."

अहो, मी जिना उतरले ते धड पायऱ्यांवर पाय ठेवून उतरले का, देव जाणे! मागून मामांचा आवाज आला, "बाई, सावकाश!"

अभयशेठनी माझ्याकडे बघितलं. "एस्तेरबाई, ही काय म्हणतेय?"

"खुळी आहे ती," मी म्हटलं. "तिचं काही ऐकू नका. मीच..."

"ताई, तुम्ही गप्प बसा!" कुंदा ओरडली.

मला गप्प बसा असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. नवऱ्यानंसुद्धा नाही. मी गप्प बसले.

सगळं दुकान अभयशेठकडे बघत होतं. त्या क्षणी त्या पोरीची भाकरी त्यांच्या जिभेवर होती, हे प्रत्येकाला कळत होतं.

"आणि पुन्हा तसंच झालं तर?" शेवटी अभयशेठनी विचारलं, पण कुंदाला नाही, मला. रागानं नाही. खरोखरच विचारत होते. "मी नियम उगाच नव्हता केला, एस्तेरबाई. त्या माणसाचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे."

"माझ्याही आहे," मी म्हटलं. "पण त्याला एक साधा प्रश्न विचारायचा होता, शेठ. कशासाठी घेताय? हे विचारल्याशिवाय मी कधी साडी उलगडत नाही. ती नवी होती, आनंदात होती, तेवढं राहून गेलं. ज्याच्या घरी सण आहे त्याला त्याच्या सणाचं बोलावं. ज्याच्या घरी दुःख आहे त्याच्याजवळ नुसतं बसावं. त्याला तुमचा 'दिवस शुभ असो' तरी कुठं चालला असता?"

अभयशेठनी वाबळे बसले होते त्या जागेकडे बघितलं. मग म्हणाले, "नसता चालला."

"आणि चुकलंच कुणी, तर हात जोडायचे. मला जोडता येतात, तुम्हालाही येतील."

"बरं," ते म्हणाले. मग कुंदाकडे वळले. तिनं डोळे मिटून घेतले होते. "कुंदाबाई, तुम्ही उद्यापासून..." आणि थांबले. आईशप्पथ सांगते, त्या थांबण्यात माझा जीव जायचा राहिला. "उद्यापासून कायम. एस्तेरबाईंच्या शेजारीच बसा. विचारायचं कसं, ते नीट शिकून घ्या."

कुंदानं तोंडाला पदर लावला. मागं रशीदमामांनी "वा!" केलं. मला मात्र त्या पोरीकडेच बघत राहावंसं वाटलं. घरी काय आहे हे माहीत असून, भर बाजारात ही उभी राहिली होती. माझ्यासाठी. मी दुकानात किती जणींना शिकवलं, पण एवढी छाती कुणाची पाहिली नव्हती. आज इतक्या वर्षांनी तिचं नाव घेतलं तरी माझी मान ताठ होते. माझी मैत्रीण आहे ती, हे मी सांगत फिरते.

अभयशेठनी ताटातला चिमूटभर तिळगूळ उचलला आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"घ्या, एस्तेरबाई. गोड बोला." त्यांना पुढचं बोलायला जड गेलं, तरी त्यांनी ते खालच्या आवाजात नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "आणि नाताळच्या शुभेच्छा. उशीर झाला."

"अरे, संक्रांतीला कसला नाताळ?" गोदाकाकू म्हणाल्या.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी एवढी तोंडाळ बाई, पण मला शब्द सुचेना.

"ताई, बोला की!" कुंदा रडता रडता हसत म्हणाली.

मी तिळगूळ तोंडात टाकला. पदरानं डोळे पुसले. मग गादीकडे नीट बघितलं.

"शेठ, आधी ही चादर बदला," मी म्हटलं. "मी वर गेल्यापासून कुणी झटकलेलीसुद्धा दिसत नाही."

आणि चपला काढून मी गादीवर चढले.